सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड-पाणी का देतात? उल्हासनगरचं रोजचं जगणं, शेजाऱ्यांच्या नजरेतून

अंबरनाथ-बदलापूरचे हजारो लोक रोज लोकलने उल्हासनगरवरून जातात. लग्नाचा बस्ता बांधायचा असो, नवीन घराला सोफा घ्यायचा असो किंवा स्वस्तात जीन्स घ्यायची असो, त्यातले अनेक जण इथे उतरतातही. घासाघीस करतात, पिशव्या भरतात आणि पुढची गाडी पकडतात. पण दुकानाच्या मागे जे घर असतं, तिथे जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

जे जातात, त्यांना पहिला प्रश्न दारातच पडतो. पाण्याचा ग्लास समोर येतो आणि सोबत येतो भाजलेला पापड. जेवायला अजून अवकाश आहे, मग पापड आत्ताच का?

ब्राझील म्हटलं की आपल्याला फुटबॉल आणि कार्निव्हल आठवतो, त्यापलीकडे तिथली माणसं रोज काय खातात, कसं जगतात हे ठाऊक नसतं. उल्हासनगरचंही तसंच झालंय. ब्राझील निदान दुसऱ्या खंडात आहे. उल्हासनगर तर विठ्ठलवाडीच्या पुढचं स्टेशन. तरीही बाहेरच्यांना ठाऊक असतात त्या दोनच गोष्टी: स्वस्त बाजार आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जुना विनोद. त्या विनोदामागच्या घरात काय चालतं, ते समजून घेऊया.

पत्त्यातच इतिहास: कॅम्प, बॅरेक, सेक्शन

उल्हासनगरमध्ये कुणाला पत्ता विचारला, तर 'कॅम्प नंबर चार' किंवा 'बॅरेक नंबर अमुक, सेक्शन तमुक' असं उत्तर मिळतं. लष्कराची वस्ती नसताना हे लष्करी शब्द आले कुठून?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. तिला कल्याण कॅम्प म्हणत. युद्ध संपलं, सैनिक गेले आणि लांबलचक बॅरेक रिकाम्या पडल्या. १९४७ मध्ये फाळणी झाली. पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले, म्हणजे अर्धा पंजाब आणि अर्धा बंगाल भारतात राहिला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे तिथून आलेल्या हिंदूंना भारतात 'आपला' म्हणावा असा प्रांतच नव्हता.

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर निघणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. कराचीहून बोटीने मुंबईत उतरलेल्या कुटुंबांना सरकारने या रिकाम्या छावण्यांमध्ये पाठवलं. एकट्या कल्याण कॅम्पात सुमारे एक लाख निर्वासित आले. एका बॅरेकमध्ये अनेक कुटुंबं, आणि दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणून साडी, चादर किंवा गोणपाट. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या शहराची कोनशिला बसवली गेली. उल्हास नदीवरून शहराचं नाव पडलं उल्हासनगर.

आज बहुतेक बॅरेकच्या जागी इमारती आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या वर गेली. मराठी, उत्तर भारतीय, पंजाबी अशा सगळ्यांचं हे शहर आहे. पण पत्ता अजून बॅरेकचाच सांगितला जातो.

महाराष्ट्रात असं आणखी काही ठिकाणी घडलं. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. पिंपरी, देवळाली, नागपूरचा जरीपटका इथल्या सिंधी वस्त्याही त्याच काळातल्या.

मग ते पापड-पाणी?

सिंध हा कडक उन्हाचा मुलूख. उन्हातून आलेल्या माणसाच्या अंगातून घाम आणि मीठ दोन्ही गेलेलं असतं. खारट पापड खाल्ला की माणूस पाणी नीट पितो, म्हणून पापड-पाणी, असं घरोघरी सांगितलं जातं. आपल्याकडे जुन्या घरांत पाण्यासोबत गुळाचा खडा पुढे करत, त्यातलाच हा प्रकार. सिंधमधलं ऊन मागे राहिलं, पण पापड सोबत आला.

छावणीत हाच पापड पोटापाण्याचं साधनही झाला. हातात भांडवल नाही, जमीन नाही. अशा वेळी बायकांनी घरी पापड-लोणची करायला घेतली आणि पुरुषांनी, मुलांनी ती दारोदार आणि गाड्यांमध्ये विकली. गोळ्या-बिस्किटं, पेनं, कापड, जे मिळेल ते विकलं. कमी नफ्यात जास्त माल विकायचा, ही उल्हासनगरच्या बाजाराची सवय या दिवसांतली आहे. तेव्हा बाजारात मराठी गिऱ्हाईकाला जो 'स्वस्त माल' दिसत होता, तो विकणाऱ्याच्या घरचा त्या दिवसाचा शिधा होता.

मराठी माणसाला फसवणारी कढी

सिंधी घरी 'कढी-चावल' आहे म्हटलं की मराठी पाहुणा ताकाच्या कढीची वाट बघतो. ताटात येते ती वेगळीच गोष्ट. सिंधी कढीत ताक किंवा दही नसतंच. बेसन तेलात खमंग भाजायचं, त्यात पाणी घालून उकळायचं, चिंचेचा किंवा कोकमाचा आंबटपणा द्यायचा आणि शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा अशा भाज्या सोडायच्या. सोबत भात आणि 'टुक', म्हणजे दोनदा तळलेले बटाट्याचे किंवा अळकुड्यांचे कुरकुरीत काप. रविवारी दुपारी हा बेत अनेक घरांत ठरलेला.

रविवारची सकाळ असते दाल-पकवानची. मैद्याची कडक, कुरकुरीत तळलेली पुरी म्हणजे पकवान. त्यावर चण्याची डाळ, चटणी, कांदा. उल्हासनगरच्या नाक्यांवर हा नाश्ता मिळतो, आणि वडापाव खाणाऱ्या मराठी माणसाने तो कधीच आपलासा केलाय.

बाकीच्या चार पदार्थांची ओळख:

- साई भाजी: नाव ऐकून साईबाबा आठवतात, पण सिंधीत 'साई' म्हणजे हिरवी. पालक, चुका, शेपू, चण्याची डाळ आणि इतर भाज्या एकत्र शिजवून घोटतात. सोबत परतलेल्या कांद्याचा तपकिरी भात.
- कोकी: कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेली जाडसर, खुसखुशीत पोळी. आधी अर्धवट भाजून, मग तेल-तूप सोडून पुन्हा भाजतात. टिकते म्हणून प्रवासात हीच शिदोरी.
- भे: कमळाचे देठ, म्हणजे कमळकाकडी. सिंधमध्ये मोठी तळी होती, त्यामुळे ही तिथली रोजची भाजी. इथे ती मुद्दाम शोधून आणावी लागते.
- गीयर: होळीच्या दिवसांत सिंधी मिठाईवाल्यांकडे दिसणारी ताटलीएवढी जिलबी. जिलबी म्हणून घेतलीत तरी चालेल, पण चवीला किंचित आंबूस असते.

'आहे' ला 'आहे'च म्हणतात

स्टेशनबाहेर दोन सिंधी माणसं बोलताना ऐकली की वाटतं, काहीच कळत नाही. नीट कान दिला तर एक ओळखीचा शब्द वारंवार कानावर पडतो: 'आहे'. 'माझं नाव अमुक आहे' हे सिंधीत 'मुंहिंजो नालो अमुक आहे' असं होतं. हिंदीत 'है', गुजरातीत 'छे', पण सिंधीत आणि मराठीत 'आहे'. पाणी, घर, भाजी हे शब्दही जवळपास तेच. पोळी-भाकरीला म्हणतात 'मानी'. 'या, बसा' म्हणायचं तर 'अचो, विहो'. मान देऊन बोलायचं असेल तर नावापुढे किंवा वाक्याच्या शेवटी 'साईं'. भावाला 'अदा', बहिणीला 'अदी'.

वेगळे वाटतात ते काही उच्चार. सिंधीत ग, ज, ड आणि ब यांचे आणखी एक-एक भाऊ आहेत, जे उच्चारताना हवा बाहेर न सोडता आत ओढली जाते. भाषाशास्त्रात ही मोठी खासियत मानतात. नव्याने शिकणाऱ्याची जीभ इथेच अडखळते.

आणि लिपी? सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, तिच्यात ५२ अक्षरं आहेत. भारतात ती देवनागरीतही लिहिली जाते आणि दोन्ही लिप्यांना मान्यता आहे. अरबी वळणाची पाटी बघून अनेकांना ती उर्दू वाटते. ती सिंधी असू शकते.

'कर' आणि 'आणी'

मराठी आडनावात बरेचदा गाव असतं: बदलापूरकर, कल्याणकर, साताऱ्याचा सातारकर. सिंधी आडनावाच्या शेवटी 'आणी' किंवा 'आनी' असेल, तर त्यात गाव नसतं, पूर्वज असतो. आडूमल नावाच्या पूर्वजाचे वंशज ते आडवाणी. आपलं 'कर' सांगतं माणूस कुठला, त्यांचं 'आणी' सांगतं माणूस कुणाचा.

गावच सीमेपलीकडे राहिलेल्या लोकांच्या बाबतीत या फरकाला वेगळाच अर्थ येतो. 'तुमचं गाव कोणतं?' हा मराठी माणसाचा ओळख काढण्याचा पहिला प्रश्न. सिंधी घरातल्या आजोबांना तो विचारला तर उत्तर येतं शिकारपूर, लारकाना, सक्कर किंवा हैदराबाद. हे हैदराबाद तेलंगणातलं नव्हे, सिंधमधलं. सुट्टी लागली की जाऊन येऊ, असं हे गाव नाही.

नदी मागे राहिली, नदीचा देव सोबत आला

सिंधी दुकानात गल्ल्यामागे एक तसबीर हमखास दिसते. पांढरी दाढी, हातात ग्रंथ, खाली पाणी आणि पाण्यावर मासा, त्या माशावर बसलेला देव. हे झुलेलाल. मासा आहे 'पल्लो', सिंधू नदीतला सगळ्यात आवडीचा मासा.

कथा अशी सांगतात की ठट्ट्याचा राजा मिरखशाह याने हिंदूंना धर्म बदलायला फर्मावलं. लोक सिंधू नदीच्या काठी जमले आणि त्यांनी ४० दिवस व्रत धरलं. मग नसरपूर गावात उडेरोलाल म्हणजेच झुलेलाल जन्मले आणि संकट टळलं. सिंधमध्ये उडेरोलालचं स्थान आजही आहे आणि तिथे हिंदू आणि मुस्लिम दोघंही डोकं टेकवतात.

त्या ४० दिवसांची आठवण म्हणजे 'चालिहो'. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हे व्रत चालतं. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या चालिहा मंदिरात या काळात मोठी गर्दी होते. तिथली ज्योत फाळणीच्या वेळी सिंधमधून आणली, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

झुलेलालचा जन्मदिवस चेटीचंड. तो गुढीपाडव्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे अंबरनाथ-बदलापुरात गुढी उतरवली जात असते, तेव्हा उल्हासनगरमध्ये मिरवणुकीची तयारी सुरू असते. दिवा, खडीसाखर, वेलची, फळं मांडलेलं 'बहराणो' पाण्यापर्यंत नेतात. पुढे टिपऱ्या घेऊन नाच चालतो, त्याला 'छेज' म्हणतात. प्रसादाला गोड भात, म्हणजे 'ताहिरी', आणि छोले.

शेवटी जी प्रार्थना होते तिला 'पल्लव' म्हणतात. पल्लव म्हणजे पदर. बायका ओढणी किंवा पदर पुढे धरतात, पुरुष रुमाल किंवा शर्टाचं टोक. मराठीत आपण देवापुढे 'पदर पसरतो' असं म्हणतो. इथे तो खरोखर पसरला जातो.

बाहेरच्या माणसाला कोड्यात टाकणारी आणखी एक गोष्ट: अनेक सिंधी मंदिरांत झुलेलाल, शंकर, राम-कृष्ण यांच्या मूर्तींबरोबर गुरू ग्रंथ साहिबही असतो. अशा मंदिराला 'टिकाणो' म्हणतात. बहुतेक सिंधी हिंदू गुरू नानकांना मानतात, तेही शीख न होता.

वर्षभराचे सण, थोडक्यात

- तीजडी: राखीपौर्णिमेनंतरची तृतीया. बायका दिवसभर उपास धरतात आणि चंद्र बघून सोडतात. आपली हरतालिका आणि उत्तरेतला करवा चौथ यांच्या मधला प्रकार.
- थदडी: श्रावण वद्य सप्तमी. 'थधो' म्हणजे थंड. या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या दिवशी केलेली कोकी आणि गोड 'लोलो' दह्यासोबत खातात. शीतला सप्तमी पाळणाऱ्या मराठी घरांना हे लगेच उमगेल.
- दियारी: म्हणजे दिवाळी. लक्ष्मीपूजनाला 'हटडी' मांडतात. हटडी म्हणजे मातीचं छोटंसं दुकान. काही घरांत प्रत्येक मुलाच्या नावाने एक. आपली पोरं किल्ला बांधतात, तिथे दुकान पुजलं जातं.
- लाल लोई: संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी शेकोटी.

हटडीवरून सगळे सिंधी व्यापारीच असतात असा समज करून घ्यायचं कारण नाही. सिंधी समाजात 'आमिल' नावाचा मोठा वर्ग पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरी, वकिली आणि शिक्षणात होता. व्यापार करणारे ते 'भाईबंद'. छावणीत आल्यावर मात्र अनेकांना जमेल ते करावं लागलं.

उलट्या बाजूने: सिंधमध्ये गेलेला मराठी माणूस

सिंधी महाराष्ट्रात १९४७ नंतर आले, त्याआधी आपला त्यांचा संबंध नव्हता, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईहून अधिकारी, शिक्षक, कारकून कराचीला जात, तिथे राहत.

त्यातलं एक नाव कराचीत आजही दिसतं. नारायण जगन्नाथ वैद्य हे एकोणिसाव्या शतकात सिंधचे उपशिक्षण निरीक्षक होते. सिंधी व्यापाऱ्यांच्या जुन्या खुदाबादी लिपीला शिक्षणात आणण्याचं काम १८६८ मध्ये मुंबई सरकारने त्यांच्यावर सोपवलं. कराचीतली त्यांच्या नावाची शाळा, एनजेव्ही हायस्कूल, अजून सुरू आहे. म्हणजे सिंधी मुलांना कोणत्या लिपीत शिकवायचं, यावर डोकं लावणाऱ्यांत एक मराठी माणूस होता.

काय टिकलं, काय निसटतंय

१० एप्रिल १९६७ रोजी २१ व्या घटनादुरुस्तीने सिंधी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण या भाषेला राज्य नाही. २००५ मध्ये तर राष्ट्रगीतातला 'सिंध' शब्द काढावा, कारण तो प्रांत आता भारतात नाही, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली.

राज्य नसण्याचा परिणाम घरात दिसतो. कढी करायला राज्य लागत नाही, आजीकडून शिकता येते. सणाला कॅलेंडर पुरतं. भाषेला मात्र शाळा लागते, नोकरी लागते, दुकानाची पाटी लागते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं सिंधीतही निघतात, महाराष्ट्राची स्वतंत्र सिंधी साहित्य अकादमीही आहे. पण सिंधी माध्यमाच्या शाळा कमी होत गेल्या, पालकांनी इंग्रजी माध्यम निवडलं आणि घरात हिंदी शिरली. दोन लिप्यांनी आणखी एक अडचण केली. आजोबांची पत्रं आणि वह्या अरबी वळणाच्या लिपीत, नातवाला येते देवनागरी किंवा इंग्रजी. भाषा एकच, तरी आजोबांनी लिहिलेलं नातवाला वाचता येत नाही.

मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताना बघणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. फरक इतकाच, की मराठीच्या पाठीशी एक अख्खं राज्य उभं आहे.

सिंधी घरी पहिल्यांदा जाणार असाल तर

- पापड-पाणी पुढे आलं की 'आत्ता नको' म्हणू नका. निदान एक तुकडा तोडा.
- 'जय झुलेलाल' म्हणून बघा. समोरच्याचा चेहरा खुलतो.
- कढी ताकाची नाही, हे आता ठाऊक आहे. 'यात ताक कुठाय?' विचारू नका.
- 'यूएसए'चा विनोद त्यांनी तुमच्या आधी हजार वेळा ऐकलाय.
- घरात आजी-आजोबा असतील तर गावाचं नाव जरूर विचारा. नंतर घाईत उठू नका, उत्तर लांबतं.

पुढच्या वेळी बदलापूर लोकल उल्हासनगरला थांबली आणि डब्यात शिरणाऱ्या दोघांच्या बोलण्यात 'आहे' ऐकू आलं, तर ती मराठी असेल किंवा सिंधी. एक-दोन वाक्यं ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही.